मुन ग्युहो यांची सत्तरी

लाकडी जमिनीवरून तीन खुर्च्या एकदम मागे सरकल्या की कसा आवाज होतो, ते तेलवाल्या आजोबांना विचारावं. दोलगोलच्या शाळेत पहिल्याच दिवशी ओक मास्तरांनी हजेरी घेताना "मुन ग्युहो!" म्हटलं आणि तो आवाज झाला. खर्रर्र! तीन मुलं उभी राहिली आणि तिघंही एका सुरात "हजर!" म्हणून ओरडली. मास्तरांना वाटलं, पोरं चेष्टा करतायत. त्यांनी तिघांना एकेक छडी दिली आणि मग चौकशी केली. (त्या काळी क्रम असाच होता.)

चौकशीत निघालं ते असं. मुन घराण्यात मुलांची नावं ठेवायचं काम सगळ्यांत म्हाताऱ्या आजोबांचं. एका पिढीतल्या सगळ्या मुलग्यांच्या नावात 'ग्यू' यायलाच हवं, हा घराण्याचा नियम. पुढचं अक्षर तेवढं आजोबांनी शोधायचं. त्या वर्षी गावाच्या तीन टोकांना तीन मुलगे जन्मले. तीन बाप एकेक कोंबडी काखेत धरून आजोबांकडे गेले. आजोबांनी तिघांनाही तेच नाव दिलं, आणि प्रत्येकाच्या कानात सांगितलं, "याच्याहून चांगलं नाव माझ्याकडे नाही बाबा." ते खोटं नव्हतं. चांगलं नाव त्यांच्याकडे एकच होतं.

शाळेच्या फाटकात तिन्ही बाप भांडले. पायातले रबरी बूट हातात आले.

"तुझ्या पोराचं बदल!"

"मी का बदलू? माझी कोंबडी सगळ्यांत मोठी होती!"

"मोठी होती, पण म्हातारी होती! आजोबांचा दात पडला तिच्यापायी!"

ज्यांना जाब विचारायचा ते आजोबा तोवर डोंगरावर, मातीच्या गोल ढिगाखाली निवांत झोपले होते. तेव्हा नाव कोणीच बदललं नाही. तिन्ही घरांचं बोलणं मात्र बंद झालं, आणि पुढे कित्येक हिवाळे एकाच्या घरची मुरवलेल्या कोबीची किमची दुसऱ्याच्या घरी गेली नाही.

मार्ग काढला तो ओक मास्तरांनी. "उंच पोरा, तू पहिला. नाव घेतलं की तू उठायचं. तो आला नसेल तर चष्मेवाल्या, तू. आणि तू..." मास्तर तिसऱ्यापाशी येऊन थांबले. त्याच्याकडे बघून काही सुचावं असं त्याच्यात काही नव्हतं. "तू थांबायचंस. डावीकडे बघ, उजवीकडे बघ. दोघंही नसले, तर उठ."

दोघंही गुणी. कधी गैरहजर राहिलेच नाहीत. शाळा संपेपर्यंत तिसरा ग्युहो डावीकडे बघत आणि उजवीकडे बघत बसून राहिला.

पुढे उंच ग्युहो पैलवान झाला. कमरेला कापड गुंडाळून वाळूत उतरला की समोरचा माणूस आभाळ बघत पडायचा. बक्षिसाचा बैल जिंकून तो तालुक्याच्या गावातून मिरवत आला, तेव्हा त्या बैलाचासुद्धा फोटो छापून आला. चष्मेवाला ग्युहो सोलला गेला, नासपतीच्या रोगावर औषध शोधून डॉक्टर झाला आणि टीव्हीवर बोलायला लागला. तिसरा ग्युहो दोलगोलमध्येच राहिला आणि तिळाचं तेल काढू लागला. तेल उत्तम काढायचा. (पण उत्तम तेलाला बैल देत नाहीत.)

आणि त्याचं नाव हळूहळू नाहीसं झालं. ते असं होतं. दोलगोलमध्ये वडीलधाऱ्या माणसाचं नाव तोंडानं घेत नाहीत. नाव घ्यायचं ते पोरांचं, नाहीतर वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या थोरांचं. मधल्या माणसांना त्यांच्या पोरांवरून किंवा धंद्यावरून हाक मारायची. मुलगी झाली तेव्हा तो 'सोराचे बाबा' झाला, मग 'तेलवाले काका', मग 'तेलवाले आजोबा'. आईबाप गेले, ओक मास्तरही गेले. नाव घेणारं कोणी उरलं नाही. बायको 'अहो' म्हणायची. तिचं तरी नाव कोण घेत होतं? बोंगए हे तिचं गोड नाव. पण लग्न होऊन येचोनहून आली त्या दिवसापासून गावाला ती येचोनवाली.

आजोबांना याचं काही वाटत नसे. राग यायचा तो येचोनवालीला. तिच्याजवळ रागाची पोती रचलेली होती, तिळाच्या पोत्यांसारखी, आणि कधी कुठलं पोतं सुटेल याचा नेम नव्हता.

एकदा दवाखान्यात नर्सनं "मुन ग्युहो" असं पुकारलं. बाकावरची सगळी माणसं पैलवानाला बघायला उठून उभी राहिली. आत चाललेल्या आजोबांना बघितलं आणि परत बसली. "बसली हो! माझ्या डोळ्यांदेखत बसली!" येचोनवाली हे अजून सांगते, आणि सांगताना हातात असेल ते आपटते.

दुसरं पोतं फोनचं. लोक डॉक्टर ग्युहो समजून आजोबांना फोन करायचे. आजोबांचं बोलणं सावकाश. 'तो मी नव्हे' हे तोंडातून निघेपर्यंत समोरच्यानं नासपतीच्या पानावरचा डाग न् डाग सांगून संपवलेला असायचा. मग एवढ्या तळमळीनं बोलणाऱ्याला निराश कसं करायचं? "साबणाचं पाणी मारून बघा," आजोबा म्हणायचे. एका बागायतदाराचा सगळा मोहोर गळाला. शिव्या द्यायला तो सोलला गेला. (आपण कुणाला, कधी साबण सांगितला, याचा उलगडा डॉक्टरांना होता होत नव्हता.)

तर तिन्ही ग्युहो एकाच वर्षी जन्मले, म्हणजे सत्तरीही एकाच वर्षी आली.

"अहो, सत्तरी करायची," येचोनवाली म्हणाली.

"शेवया कर घरी. दोघं खाऊ," आजोबा म्हणाले.

"दोघं? जन्मभर दोघंच खात आलो की! मला हॉल पाहिजे, फळांच्या राशी पाहिजेत, आणि माणसं पाहिजेत. तुमच्यासाठी आलेली माणसं. एकदा तरी."

ती तडक सरपंचाकडे गेली. सरपंच मुन सोकजू नात्यानं पुतण्या. गावचा भोंगा त्याच्या ताब्यात. भोंग्यावरून सांगितलेलं दोलगोलमध्ये खरं, बाकी सगळ्या गप्पा.

"सांगतो की काकू. तेलवाल्या काकांची सत्तरी, शनिवारी दुपारी, गावच्या हॉलमध्ये."

"तेलवाले काका नाही. नाव घे."

"काकांचं? भोंग्यावर?" सोकजूनं जीभ चावली. "वडीलमाणसाचं नाव असं उघड्यावर घेऊ? लोक म्हणतील, सोकजूला आईबापांनी वळण लावलं नाही."

"पैलवानाचं घेतोस ते? डॉक्टरचं घेतोस ते? तेव्हा वळण कुठे ठेवतोस, खुंटीला?"

"काकू, ती मोठी माणसं..."

येचोनवालीनं टेबलावरची चहाची किटली उचलली. नुसती उचलली.

"घेतो," सोकजू म्हणाला.

आजोबा तेव्हा घाण्यापाशी तीळ भाजत होते. बाहेर भोंगा खरखरला. "अं, अं... हॅलो... ऐका हो ऐका. येत्या शनिवारी दुपारी आपल्या गावचे सुपुत्र, माननीय मुन ग्युहो यांची सत्तरी आहे. सगळ्यांनी हॉलमध्ये जेवायला यावं." ते नाव डोंगरावर आदळलं आणि परत आलं. मुन ग्युहो. आजोबांच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. शेजाऱ्याच्या लग्नाची बातमी ऐकावी तसं त्यांनी ते ऐकलं, आणि मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. भानावर आले तेव्हा कढईतल्या तिळांचा कोळसा झाला होता.

सोकजू त्याच संध्याकाळी बाळंतीण लेकीला बघायला बुसानला निघून गेला. भोंग्यातला ग्युहो नेमका कुठला, हे त्या नवराबायकोखेरीज ठाऊक असलेला गावातला तो एकटा माणूस.

दुसऱ्या दिवशी दुकानवाली घाण्यावर आली.

"आजोबा, शनिवारसाठी तेल लागेल. आम्ही बायका मिळून भाज्या करून नेणार. आपलं नेहमीचं नको हं, चांगलं द्या. मोठा माणूस आहे."

"कोण?" आजोबांनी विचारलं.

"कोण काय? पैलवान! भोंगा ऐकला नाहीत? कानांनी कमी ऐकू येतं वाटतं तुम्हाला."

आजोबांनी बोलायला तोंड उघडलं. पण ते उघडेपर्यंत दुकानवाली बाटल्या मोजायला लागली होती. "ऐकलं," ते म्हणाले.

"मग तुम्हीपण या जेवायला. काकूंना घेऊन या. लाजू नका, गावजेवण आहे."

"येईन," आजोबा म्हणाले.

दुपारी नासपती बागायतदारांचा अध्यक्ष आला. त्यालाही शनिवारसाठी तेल हवं होतं. डॉक्टरांच्या सत्तरीला भेट द्यायला. त्यालाही आजोबांनी दिलं. सुबक बांधून दिलं.

बायकोला सांगावं म्हणून ते घरी गेले, तर येचोनवाली गुणगुणत होती. माशाला पिठात घोळत होती आणि गुणगुणत होती. 'उद्या सांगू,' आजोबांनी ठरवलं. उद्याही ती गुणगुणली. फुलांचे उंच मनोरे आधीच हॉलवर येऊन थांबले, तेव्हा तिला किंचित शंका आली.

"अहो, या फितीवर 'जिल्हा कुस्ती संघ' लिहिलंय. कुस्तीवाल्यांना आपण कधी तेल दिलं?"

"दिलं असेल."

"बघा, माणसं विसरत नाहीत," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. त्या दिवसांत त्या घरात काहीही आपटलं गेलं नाही. असं सुख मोडायला कोणाचा जीव होईल?

शनिवार उजाडला. हॉलमध्ये खजूर, चेस्टनट, पर्सिमॉन, रंगीत भातवड्या यांचे मनोरे रचलेलं टेबल. त्यामागे एक रेशमी आसन. आसनावर पोपटी रेशमी पोशाखातले आजोबा, हळदीला बसवलेल्या नवऱ्यासारखे घाबरलेले. सोरा आणि जावई पुढे आले, वाकले, कपाळ जमिनीला टेकलं, आणि तेवढ्यात दारात बुटांचा खच पडायला लागला. येचोनवाली आत स्वयंपाकघरात रश्शाच्या पातेल्याशी झुंजत होती. बाहेरचा गलका ऐकून ती शेजारणीला म्हणाली, "बघितलंस? किती माणसं!"

दुकानवाली आजोबांपाशी आली. "अगबाई! कपडे झकास दिसतायत हो आजोबा. पण उठा बरं, पैलवान येतायत. त्यांची जागा आहे ती."

आणि आजोबा उठले. (खरंच उठले. सोरानं बाबांचा हात धरून खाली ओढलं, म्हणून अर्धेच उठले.)

पैलवान आला तो टाळ्यांच्या कडकडाटात. गावानं गुपचूप आपली सत्तरी मांडली, या विचारानं तो धिप्पाड माणूस घळघळा रडत होता. आजोबांच्या पाठीत त्यानं अशी थाप मारली की पुढचा खजुरांचा मनोरा हलला.

"तिसऱ्या! माझी जागा धरून बसलास होय रे? लहानपणापासून भला माणूस!" असं म्हणून तो अर्ध्या आसनावर बसला. त्याचं अर्धं म्हणजे जवळजवळ सगळंच.

मग दारात डॉक्टर. चष्मा पुसत, हात जोडत. "मित्रहो, याची काय गरज होती? मी तर साधा संशोधक..."

"चष्मेवाल्या! माझ्या सत्तरीला सोलहून आलास?" पैलवान गहिवरला.

"तुझ्या?" डॉक्टर थबकले. "तू माझ्या सत्तरीला आलायस ना?"

"तुझी कशी? फुलं बघ! कुस्ती संघ!"

"पलीकडचं बघ! बागायतदार संघ!"

"मग बागायतदारांनी बागेत जेवावं!" एक तरुण पैलवान ओरडला.

"काय म्हणालास? नासपती खाऊन अंग वाढवलंस आणि नासपतीवाल्यालाच हाकलतोस?"

"डॉक्टर!" मागून एकजण बोट नाचवत पुढे आला. "ते साबणाचं पाणी! माझा सगळा मोहोर गेला त्याचं काय?"

"पण मी कधी साबण..."

आजोबांनी भातवड्यांच्या मनोऱ्याआड मान खाली घातली. एका पैलवानानं एका बागायतदाराची कॉलर धरली. त्या बागायतदारानं हाताला लागलं ते पर्सिमॉन फेकलं, आणि ते पिकलेलं असल्यामुळे तिसऱ्याच माणसाला राग आला. चेस्टनट हॉलभर गडगडत सुटले. कोणी कोणाला मारतंय हे कोणाला कळत नव्हतं, पण सगळे एकच नाव घेऊन मारत होते.

तेवढ्यात स्वयंपाकघराचा दरवाजा भिंतीवर आदळला. येचोनवाली. हातात रश्शाचा मोठा डाव.

"काय चाललंय माझ्या नवऱ्याच्या सत्तरीत?"

हॉल गप्प झाला.

"काकू," दुकानवाली चाचरत म्हणाली, "तुमच्या नवऱ्याची? ही तर मुन ग्युहोंची सत्तरी..."

"मग माझा नवरा कोण आहे?"

मागून एका बाईचा हळू आवाज आला, पण शांततेत तो सगळ्यांना ऐकू गेला. "अगं बाई, तेलवाल्या आजोबांना नाव आहे?"

त्याच वेळी बुसानहून आलेला सरपंच सोकजू पिशवी घेऊन दारात उभा राहिला. सगळे त्याच्यावर तुटून पडले. "सोकजू! भोंग्यावर नाव कोणाचं घेतलंस?"

"तेलवाल्या काकांचं! काकूंनी किटली उगारून घ्यायला लावलं!"

"उगारली नव्हती," येचोनवाली म्हणाली. "उगारायला हवी होती!" आणि मग सगळी पोती एकदम सुटली. "याच्या तेलाशिवाय तुमच्यापैकी एकाचं जेवण झालंय का रे कधी? लग्नात याचं तेल, श्राद्धाला याचं तेल. पैलवान, तू बैल आणलास तेव्हा त्या बैलाच्या शिंगांनासुद्धा याचंच तेल चोळलं होतं! एक दिवस मागितला. एक नाव मागितलं. तेही स्वतःचं! बापानं कोंबडी देऊन आणलेलं! तर तुम्ही त्याच्या पानावर बसून त्यालाच विचारता, तू कोण?"

पैलवानानं मान खाली घातली. डॉक्टरांनी चष्मा काढला. चष्मा काढून ऐकण्यासारखंच ते होतं.

प्रकरण तिथेच संपलं असतं. पण दुकानवाली भाबडी बाई. "पण आजोबा," ती म्हणाली, "मी तेल न्यायला आले तेव्हा सांगायचंत ना! उलट मीच तुम्हाला जेवायला बोलावलं, तर 'येईन' म्हणालात!"

येचोनवाली सावकाश वळली. डाव नवऱ्याकडे वळला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो," आजोबा म्हणाले.

"कधीपासून?"

"भोंग्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"आणि बोलला नाहीत?"

"तू गुणगुणत होतीस," आजोबा म्हणाले.

राग चेहऱ्यावर तसाच होता, पण आता त्याला जायला वाट नव्हती. डावातून रस्सा तिच्या पायावर ठिबकत होता, तरी तिला कळलं नाही.

पैलवान उठून उभा राहिला. त्यानं आसन झटकून पूर्ण मोकळं केलं आणि तिसऱ्याला दोन्ही हातांनी धरून मधोमध बसवलं. स्वतः डावीकडे जमिनीवर बसला. उजवीकडे डॉक्टरांना बसवलं. "वहिनी," तो म्हणाला, "चूक झाली. आजची नाही, शाळेपासूनची. आज ती निस्तरतो. सोकजू, भोंगा लाव. हजेरी घे. आम्ही दोघं तोंड उघडणार नाही. आज हा एकटाच उठेल."

हॉलमध्ये माणसं आपापली भांडणं सोडून नीट बसली. कोणीतरी चेस्टनट गोळा केले. ज्याचा मोहोर गेला होता, तोही बसला. येचोनवाली दाराशी उभी होती. डाव छातीशी धरलेला, ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी. तिच्या जन्माचं मागणं आता पुरं होणार होतं.

भोंगा खरखरला. "अं, अं... हॅलो..." सोकजूनं माइक तोंडाशी धरला. "मुन ग्युहो!"

नाव छपरावरून निघालं, शेतांवरून गेलं, डोंगरावर आदळून परत आलं. सगळ्यांच्या नजरा आसनावर.

आजोबांनी डावीकडे बघितलं. पैलवान होता. उजवीकडे बघितलं. डॉक्टरही होते. दोघंही हजर. आजोबा स्वस्थ बसून राहिले.

"मुन ग्युहो!" सोकजूनं पुन्हा पुकारलं, आता जरा जोरात.

पैलवान डोळ्यांनी खुणा करत होता. डॉक्टर हनुवटीनं. दोघांनी ओठ असे आवळले होते की गाल फुगले होते. आजोबांना त्यांची काळजी वाटायला लागली. ते जरासे वाकले आणि पैलवानाला कोपरानं ढोसून हळूच म्हणाले,

"अरे, ऊठ ना. तुला बोलावतायत."

येचोनवालीनं डाव खाली ठेवला. आपटला नाही, नुसता ठेवला. मग ती वळली आणि एक अक्षर न बोलता स्वयंपाकघरात निघून गेली.